उत्तरं आमच्याकडं होती

मित्रांनो, मी एका जुन्या गाइडचा मागचा भाग आहे. बँकेच्या कारकुनी परीक्षेतल्या बुद्धिमापन चाचणीचं ते गाइड. पुढच्या भागात प्रश्न होते, माझ्यात उत्तरं. मला उघडलंत तर 'एक – ब, दोन – ड, तीन – ब' एवढंच दिसेल. सगळी उत्तरं पाठ आणि प्रश्न एकही माहीत नाही, अशी माणसाची गत झाली तर तो पुढारी होतो. मी पत्र्याच्या पेटीत राहिलो.

जन्मलो तेव्हा अख्खा होतो. परभणीच्या दुकानातून मला रंगनाथ आणि पंडित या दोन दोस्तांनी निम्मे-निम्मे पैसे घालून आणलं. दोघं जिंतूर तालुक्यातल्या एकाच गावचे, एकाच वर्गातून मॅट्रिक झालेले. रंगनाथ माणिकराव पाटलांचा मुलगा, घर गावात. पंडित मजुरी करणाऱ्या सुलाबाईंचा, घर बौद्धवाड्यात. शाळेच्या ओट्यावर एकानं घड्याळ लावून प्रश्न सोडवायचे आणि दुसऱ्यानं तपासायचे, असा त्यांचा रिवाज होता.

एकदा तपासताना पंडित थांबला. "रंग्या, मागचं पान पायलास का?"

"न्हाई बा."

"मग सतरावं बरोबर कसं आलं? तुला तर हातच्याची वजाबाकी येत न्हाई."

"डोकं हाय मला."

"आसंल. पर ते मागच्या पानावर हाय."

दुसऱ्या दिवशी पंडितनं ब्लेड आणलं आणि आमचे दोन भाग केले. प्रश्न एकाकडं, उत्तरं दुसऱ्याकडं, दर आठवड्याला अदलाबदल. खरं सांगतो, दुखलं नाही. इतक्या विश्वासानं फार थोडी पुस्तकं फाडली जातात.

'गटात न बसणारा ओळखा' या प्रकारात रंगनाथ नेहमी अडायचा. गावाला मात्र तो प्रकार न शिकता येत होता. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. ज्या विद्यापीठाची पायरी गावातल्या कोणी पाहिली नव्हती, त्याच्या नावासाठी गाव पेटून उठलं आणि बौद्धवाडा पेटवून आलं. वर बहिष्कारही घातला. माणिकराव वाईट नव्हते. बहिष्कार गावानं घातला, त्यांनी फक्त पाळला.

परीक्षा तोंडावर होती. त्या आठवड्यात मी रंगनाथकडं होतो.

एका सकाळी सुलाबाई दारासमोर रस्त्यावर उभ्या राहिल्या. "पाटील, रंगनाथ हाय का घरात?"

"न्हाई. बोरीला गेलाय," माणिकराव म्हणाले.

"आमी मानवतला चाललोत, भावाकडं. घरातलं काही ऱ्हायलं न्हाई. पोराच्या कमरंला अर्धं पुस्तक तेवढं हाय. त्यानं उत्तरं मागितल्यात."

"ते मला काय ठाव, बाई?"

"बरं. आला तर सांगा, पंडित फाट्यावर वाट बघायलाय. यष्टी येईपस्तोर."

रंगनाथ दाराच्या मागं उभा होता, मला धरून. त्याच्या हाताच्या घामानं माझी वरची पानं ओली झाली होती. सुलाबाई गेल्या. बऱ्याच वेळानं फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. रंगनाथनं मला पेटीत ठेवलं.

"जेवायला चल," माणिकराव म्हणाले.

तो जेवला.

रंगनाथ पास झाला. गावानं नारळ दिला, टॉवेल-टोपी दिली, पोरगं लय हुशार म्हणून त्याची पाठ थोपटली. पंडितचं नाव निवड झालेल्यांत नव्हतं. रंगनाथच्या प्रत्येक बदलीत मी सामानाच्या तळाशी असायचो. मला त्यानं कधी उघडलं नाही, टाकलंही नाही.

सोळा वर्षांनी विद्यापीठाच्या नावात अखेर बाबासाहेबांचं नाव आलं, त्या वर्षी त्याची बदली मानवतला झाली. एक दिवस पंडित मुलीला घेऊन तिचं खातं काढायला बँकेत आला. केस पिकलेले, गिरणीतल्या कापसाचे धागे शर्टाला चिकटलेले. रंगनाथनं पासबुकासाठी दोघांना दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि मला घरून घेऊन आला.

"पंड्या, तुझी उत्तरं."

पंडितनं मला उलटसुलट पाहिलं. "समदे प्रश्न सोडवले होते मी, साहेब. बरोबर का चूक, ते तपासाया मातर कोणी नव्हतं."

"तुझ्या पोरीला तरी..."

"तिला नवीन गाइड आणलंय. ह्यातलं आता काही इचारत न्हाईत." त्यानं मला काउंटरवर ठेवलं.

"मला साहेब नको म्हणू रे."

"मग काय म्हणू?" पंडितनं खरंच विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "सांगा की, तसं म्हणतो."

 रंगनाथनं पासबुक पुढं सरकवलं. पंडितनं ते दोन्ही हातांनी घेतलं, मुलीला दाखवलं आणि दोघं निघून गेली.

मित्रांनो, पुस्तकानं शेवटी काहीतरी मागायचं असतं. कव्हर घाला, पानं दुमडू नका, थुंकी लावून उलटू नका, हे तर मागतोच. पण ते नाही केलंत तरी चालेल. माझी पानं ब्लेडनं कापली होती, मी तक्रार केली नाही. मागणं एवढंच आहे की, दारात उभं राहून कोणी तुमचं नाव घेतलं तर आतून ओ द्या. मोठी माणसं रागावतील, त्यांना रागावू द्या. रंगनाथ वाईट मुलगा नव्हता. मी त्याच्या हातात होतो, म्हणून सांगतो. फक्त त्यानं ओ दिली नाही.