गवताचा ताप बघणारी सळई

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे. माणसाहून थोडी उंच, अंगठ्याएवढी जाड. खालचं टोक भाल्यासारखं आणि वरच्या टोकाला घड्याळासारखी तबकडी. तबकडीत एक काटा आहे. तो वेळ दाखवत नाही, ताप दाखवतो. गवताच्या गंजीत घुसायचं आणि तिच्या पोटात किती उष्णता आहे ते सांगायचं, हे माझं काम. सांगायचं म्हणजे काय, तर काटा फिरवून गप्प बसायचं. तोंड मला कुणी दिलंच नाही, आणि माझी सगळी रडकथा तिथूनच सुरू होते.

ऑस्ट्रियातल्या आमच्या ब्रेगेंझरवाल्डच्या खोऱ्यात गायींना मुरघास, म्हणजे आंबवलेला ओला चारा, घालत नाहीत. त्याने डोंगरातलं चीज बिघडतं. त्यामुळे हिवाळ्याची सगळी मदार उन्हाळ्यात वाळवलेल्या गवतावर. घर आणि कोठार एकाच लाकडी छपराखाली असतं आणि गवत आढ्यापर्यंत रचलेलं असतं. ते नीट वाळलेलं असेल तर चिंता नाही. पण पाऊस डोक्यावर आला की घाई होते, ओलसर गवत आत जातं आणि आतल्या आत तापू लागतं. बाहेरून गंजी अगदी साळसूद दिसते. पोटात मात्र आठवड्यामागून आठवडे आग शिजत असते.

जवळच्या डॉर्नबिर्न शहरातल्या एका कारागिराने मला घडवलं आणि बुर्गा ग्रेबरने विकत घेतलं. बुर्गा तेव्हा एका खतांच्या दुकानातली नोकरी सोडून आली होती. शेतकऱ्याला सल्ला द्यायचा आणि निघताना त्याच्या गळ्यात चार पोती मारायची, हे तिला जमेना. तिने ठरवलं, आपण फक्त सल्ला द्यायचा. विकायचं काही नाही, कुणाचं मिंधं व्हायचं नाही. लोक आधी हसले. म्हणाले, नुसत्या बोलण्याचे पैसे कोण देणार? पण दोन-चार वर्षांत तेच लोक तिची गाडी दिसली की मक्याच्या रव्याचं रीबेल आणि कॉफी पुढे करायला लागले.

त्या वर्षांत माझा थाट काय सांगू! बुर्गा मला खांद्यावर टाकून शिडी चढायची आणि खालून कुणीतरी ओरडायचं, "आली बघा डॉक्टरीण! गवताच्या काखेत थर्मामीटर लावायला!"

"हसा, हसा," बुर्गा वरून म्हणायची, "ताप निघाला तर तुम्हालाही टोचेन."

मग ती तबकडीवर वाकायची. सगळे श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघायचे. माझ्याकडे कुणीच बघायचं नाही. काटा मी फिरवायची आणि कौतुक तिचं व्हायचं. मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे, कारण ती मला रोज पुसून ठेवायची.

दर शरद ऋतूत, सरहद्दीपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये तिच्यासारख्याच सल्लागारांचा मेळावा भरे. काही न विकणारे, कुठल्या दुकानाचे नसलेले लोक. कुणी बव्हेरियातून येई, कुणी स्लोव्हेनियातून. सगळे एकेकटे काम करणारे, त्यामुळे भेटले की भांडल्यासारखे बोलत. बुर्गा एकदाच गेली. तिथे रेटो काडुफ नावाचा ढेरपोट्या गृहस्थ भेटला. त्याने मला हातात घेऊन फिरवलं.

"बुर्गा, तुझी सळई जरा वाकलीय. पण मालकिणीसारखी हट्टी दिसते."

"कामाचं बोल."

"बोलतो. आपण एकमेकांना आपापली शेतं दाखवून ठेवू. आणि शेतकऱ्यांनाही थोडं थोडं शिकवू. सगळं आपल्याच डोक्यात ठेवून काय लोणचं घालायचंय?"

"माझ्या लोकांकडे परका माणूस गेला तर ते दार उघडणार नाहीत."

"तू सांगितलंस तर उघडतील."

"आणि अर्धवट शिकलेला शेतकरी काय करतो ते मी पाहिलंय, रेटो. नको ते धाडस करतो. माझी माणसं माझी मी बघते."

रेटोने मला टेबलावर ठेवलं आणि विषय बदलला. परतताना बुर्गा गाडीत बराच वेळ पुटपुटत होती. तिचं चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. आपल्या माणसांवर जीव असला की माणूस असंच बोलतं.

पुढच्या उन्हाळ्यात पावसाने छळ मांडला. बुर्गाचा सल्ला घेणारा एक शेतकरी, योडोक, आपल्या गायी घेऊन वरच्या डोंगरी कुरणावर गेला होता, उन्हाळाभर तिथेच चीज करत होता. खाली घरात त्याची बायको क्रेसेन्स आणि आठ वर्षांची आगाथा. क्रेसेन्स शहरातून लग्न करून आलेली, कामाला वाघीण, पण गवताचं तंत्र तिला नवं. ढग आलेले पाहून तिने एकटीने, शेजाऱ्यांना हाका मारून, सगळं गवत आत घेतलं. थोडं ओलंच होतं. तिला ते माहीत होतं, म्हणून तिने लगेच बुर्गाला बोलावलं.

बुर्गाने मला गंजीत खुपसलं आणि तिथेच राहू दिलं.

"चढतोय," ती म्हणाली. "पण घाबरू नकोस. ताप आधी चढतो, मग आपोआप उतरतो. तू फक्त गंजी ढवळू नकोस आणि सळईला हात लावू नकोस. मी दर दोन दिवसांनी येते."

"मी रोज काटा बघून तुम्हाला कळवू का, बुर्गाबाई?"

"कशाला डोक्याला ताप? मी आहे ना."

ती येत राहिली. काटा बघायची, मान हलवायची, क्रेसेन्सच्या पाठीवर हात ठेवून जायची. ती गेली की क्रेसेन्स निर्धास्त झोपायची. मग एके दिवशी बुर्गा आली नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी कोठारात शिडीवरून पडून तिचं मांडीचं हाड मोडलं होतं. इथे कुणाला हे ठाऊकच नव्हतं. क्रेसेन्सने फोन लावून पाहिला, पण तो कुणी उचलला नाही.

मी गंजीत उभी होते. काटा पुढे सरकत होता. साठ अंश ओलांडले. मला सगळं कळत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं. इतकी लाचारी मी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती. क्रेसेन्स येऊन दारातून बघून जाई, आणि हात लावायचा नाही म्हणून लांबच उभी राही.

एका शनिवारी सकाळी आगाथा नाक वर करून म्हणाली, "आई, वर कुणी टॉफी करतंय का?"

गूळ शिजतोय असा, आतून करपणाऱ्या गवताचा गोड वास घरभर भरला होता. क्रेसेन्स शिडी चढून माझ्यापाशी आली आणि तिने प्रथमच माझ्या तबकडीकडे नीट पाहिलं. काटा सत्तरच्या पुढे होता. ती किती तरी वेळ बघत राहिली. मी तिला ओरडून सांगत होते, पोरीला घेऊन बाहेर जा, बंबवाल्यांना बोलाव. पण माझं ओरडणं म्हणजे तोच तो काटा.

"सत्तर," ती स्वतःशीच म्हणाली. "आता उतरणार असेल."

खाली जाऊन तिने पुन्हा बुर्गाला फोन लावला. या वेळी दवाखान्यातल्या परिचारिकेने उचलला.

"बाईंचं ऑपरेशन झालंय. शुद्धीवर नाहीत अजून. तुम्ही नात्यातल्या का?"

"नाही. त्या आमच्या गवताचं बघतात."

"कशाचं?"

"गवताचं. त्यांच्या जागी कोण येतं?"

"ते मला कसं ठाऊक असणार, बाई?"

मग तिने खताच्या दुकानात विचारलं. तिथला मुलगा नम्र होता. ओल्या गवतावर टाकायची पावडर आहे, सोमवारी पाठवतो म्हणाला. योडोकचा फोन डोंगरावर लागत नव्हता. बंबवाल्यांना बोलवावं असं तिच्या मनात येऊन गेलं, पण धूर नाही, जाळ नाही, आणि बंबवाले म्हणजे गावातलेच शेतकरी, अर्धं गाव गवत कापायचं सोडून धावत येणार. शहरातून आलेली बाई गरम गवताला घाबरली, अशी चेष्टा वर्षभर चालली असती.

गंजी ढवळायची नव्हती. तिने ती ढवळली नाही. तापलेल्या पोराच्या खोलीची खिडकी उघडावी, तसं तिने कोठाराचं मोठं दार सताड उघडलं. वारं लागलं की थंड होईल, असं तिला वाटलं.

वारं आत आलं. माझ्या टोकापाशी जे इतके दिवस धुमसत होतं, त्याला हवं होतं तेच मिळालं.

क्रेसेन्स आणि आगाथा वाचल्या, हे आधी सांगून टाकते. कोंबड्याही बऱ्याचशा वाचल्या. बंब आला तेव्हा छप्पर खाली बसत होतं. वर कुरणावर योडोकने दरीतला धूर पाहिला आणि सोबतच्या गड्याला म्हणाला, "अरेरे, कुणाचं तरी गेलं." आणि पुन्हा चीजच्या कढईकडे वळला. त्याला संध्याकाळी कळलं.

मला राखेतून काढलं तेव्हा माझी काच फुटली होती आणि काटा वितळून तबकडीला चिकटला होता. काही आठवड्यांनी बुर्गा कुबड्या घेऊन आली. क्रेसेन्स रिकाम्या जोत्यावर उभी होती. मला वाटलं, आता ही तिला ताडताड बोलेल. तसं काही झालं नाही. तिने मला उचलून बुर्गापुढे धरलं.

"बुर्गाबाई, हा काटा कुठे गेला की काय करायचं, ते एकदा सांगा."

बुर्गाने चिकटलेल्या काट्यावर बोट ठेवलं. "साठच्या पुढे गेला की बंबवाल्यांना बोलवायचं," ती म्हणाली. "आणि ते येईपर्यंत दारं बंद ठेवायची."

 

"एवढंच?"

"एवढंच."

"हे मला आल्या दिवशी सांगता आलं असतं."

बुर्गाने मला घेतलं आणि ती कुबड्या टेकत गाडीकडे गेली. नंतर गाडीत बसून तिने रेटोला फोन लावला आणि आपल्या शेतकऱ्यांची घरं एकेक करून त्याला सांगत गेली. मध्येच रडू यायचं, मग पुन्हा सांगायची. मी मागच्या सीटवर पडून ऐकत होते.

मित्रांनो, मला तेल दिलं नाही, पुसलं नाही, अडगळीत टाकलं, तरी माझी काही तक्रार नाही. एकच मागते. माझ्यासारखी मुकी वस्तू जिथे असेल, तिथे तिचं म्हणणं वाचता येणारी माणसं एकाहून जास्त असू द्या. जे येतं ते शेजारच्याला सांगून ठेवा, मग तो कितीही नवखा असो. क्रेसेन्सला ते दोन वाक्यांचं ज्ञान आपल्या घराच्या राखेत उभं राहून घ्यावं लागलं, आणि मी रोज तिच्या डोळ्यांसमोर होते.