मागचा डावा दरवाजा

"गाणं थांबवू नका, हाजी. तोच तुकडा पुन्हा लावा," असं म्हणत इन्साफ गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून वाकली आणि तिनं उजव्या दरवाज्याच्या आतल्या अस्तराला कान लावला.

हाजी फिक्रींनी पुढून बटण दाबलं. जुन्या काळातल्या गायिकेचा आवाज गाडीत भरला. मागे व्हायोलिनं, मग तबल्यासारखा एक खोल ठोका. ठोका पडला की गायिकेचा आवाज फाटायचा आणि त्याच्या खालून कुठूनतरी झर्रर्र अशी खरखर उठायची. डब्यात चार खिळे टाकून हलवावेत तशी.

"ऐकलंत?" हाजी फिक्री म्हणाले. "पहाटे लिलाव उरकून मी गाडीत बसतो, काचा वर करतो. घरी पोचेपर्यंत तेवढंच माझं सुख. दिवसभर मग बाजार आहे, बर्फ आहे, माणसांच्या शिव्या आहेत. ती बाई तान घेते आणि मधे हा कोण खोकतो?"

पोर्ट सईदच्या मासळी बाजारात हाजींचा शब्द चालायचा. ते ज्या गॅरेजात जात, त्याच गॅरेजात बाजारातल्या निम्म्या गाड्या जात. इन्साफच्या नवऱ्याच्या, शहाताच्या दुकानात ते पहिल्यापासून यायचे. पण यावेळी आधी दुसरीकडे दोन ठिकाणी जाऊन आले होते, आणि इन्साफला ते ठाऊक होतं. एकानं नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवून दिला होता, दुसऱ्यानं आवाज आणखी वाढवून दिला होता. खरखर होती तिथेच होती. मगच त्यांना शहाताची आठवण झाली.

दुकानाच्या दारात खुर्ची टाकून शहाता रस्त्याकडे तोंड करून बसला होता. डिकी उघडून अ‍ॅम्प्लिफायर बघायचा म्हणून गाडी उलटी घेऊन, मागची बाजू दुकानाकडे करून लावली होती. त्यामुळे सगळी गाडी त्याच्या समोर होती. खांद्यावर लोकरी शाल, डावा हात मांडीवर ठेवून दिलेला. तो हात आता त्याचा राहिला नव्हता. कोणीतरी सांभाळायला दिल्यासारखा तिथे पडलेला असायचा.

गेल्या हिवाळ्यात शहाता न्हाणीघरात कोसळला. डावा हात गेला, डावा पाय ओढत चालू लागला. जीभ मात्र हळूहळू परत आली, जराशी जड. इस्पितळात डॉक्टरांनी हात उचलून पाहिला, पाय उचलून पाहिला. कानांचं कोणी विचारलं नाही.

आणि शहाता म्हणजे कानच होता. गाडीशेजारी डोळे मिटून उभा राहायचा आणि सरळ जाऊन बोट ठेवायचा. इथे क्लिप तुटलीय. इथे स्पीकरचा कागद फाटलाय. लोक त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणायचे ते उगीच नव्हे. इन्साफ तेव्हा दुपारचं जेवण घेऊन दुकानात यायची आणि संध्याकाळी घरी बसून त्याच्यासाठी तारांना झाळण द्यायची. मुलगी हिबा लग्न होऊन इस्माइलियाला गेली तशी ती जास्तच वेळ दुकानात थांबू लागली. शहाता पडल्यावर तिनं महिनाभर कुलूप ठेवलं, मग एका सकाळी नवऱ्याला टॅक्सीत घालून आणलं, खुर्चीत बसवलं आणि शटर वर केलं. तो सांगायचा, ती करायची. काही गिऱ्हाईकं दारातूनच परत जायची. एकानं तर विचारलं होतं, "बाई, गाडीला मेंदी लावणार का?" तिनं त्याच्या हातातली चावी काढून घेतली आणि म्हणाली, "आधी आवाज नीट करते. मेंदीचं मग बघू."

तिनं आधी फाटणाऱ्या आवाजाचा निकाल लावला. नव्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्क्रू कोणीतरी शेवटपर्यंत पिळून ठेवला होता, त्यात वर जाड सुरांचं बटणही पूर्ण चढवलेलं. बिचारे स्पीकर झेपेल त्याच्या दुप्पट ओरडत होते. तिनं स्क्रू मागे घेतला, जाड सूर मधोमध आणले आणि गायिकेचा गळा मोकळा झाला.

"वा," हाजी म्हणाले. मग खोल ठोका पडला, आणि झर्रर्र.

"उजवीकडे," खुर्चीतून शहाता म्हणाला. त्यानं उजवा हात उचलून दाखवलं. "मागचा उजवा दरवाजा. खाली."

इन्साफनं उजवा दरवाजा उघडला. अस्तर काढलं, मोडक्या क्लिपा बदलल्या, पत्र्याला फोमच्या पट्ट्या चिकटवल्या, स्पीकरचे स्क्रू घट्ट केले. पुन्हा गाणं लावलं. झर्रर्र.

"उजवीकडेच आहे," शहाता म्हणाला. "नीट बघितलं नाहीस तू."

"बघितलं, उस्ता."

"मग पुन्हा बघ."

तिनं पुन्हा अस्तर काढलं. हाजी फिक्री पदपथावर येरझारा घालू लागले होते. वारा कालव्यावरून येत होता आणि त्यांच्या गलाबियाचा, त्या पायघोळ झग्याचा, घोळ पायांत अडकत होता. ते शहाताकडे बघत नव्हते. त्यांना त्याच्याकडे बघणं जड जातंय, हे इन्साफला दिसत होतं.

तेवढ्यात मग्दी आला. शहाताचा धाकटा भाऊ, खिशात मोजपट्टी. त्याला दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला भाड्यानं द्यायचं होतं, आणि फळ्या कुठे बसतील ते आज मापून ठेवायचं होतं. तो वाईट नव्हता. दादाचं हसं होऊ नये, एवढंच त्याला वाटायचं. फक्त ते तो रोज बोलून दाखवायचा.

"अजून तोच दरवाजा, वहिनी?" त्यानं विचारलं.

"तोच."

"हाजींना सकाळपासून थांबवून ठेवलंय. सोडून द्या ना. दादाला घरी न्या, ऊन खाऊ दे. हे काय वय आहे का तुमचं गाड्यांखाली शिरायचं?"

"मी दरवाज्यात आहे, खाली नाही," इन्साफ म्हणाली. "तू माप घे. पण माझ्या उजेडात उभा राहू नकोस."

मग्दी आत गेला. ती उठली, हात पुसले, स्टोव्हवरचा चहा तीन पेल्यांत ओतला. एक हाजींना दिला. दुसरा शहाताच्या खुर्चीजवळच्या छोट्या स्टुलावर ठेवला आणि स्वतःचा घेऊन डिकीच्या कडेला टेकली.

थोड्या वेळानं शहाता म्हणाला, "मला नाही दिलास चहा?"

तिनं वळून पाहिलं. पेला स्टुलावर वाफाळत होता, त्याच्या डाव्या गुडघ्याशी. हात लांब केला असता तर लागला असता. तो समोर बघत होता.

"ठेवलाय की," ती म्हणणार होती. पण म्हणाली नाही. रात्रीच्या ताटल्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. कांद्यावर परतलेला भात, त्यावर बोईट मासा. शहाता रोज ताटाचा अर्धा भाग स्वच्छ करायचा आणि अर्धा तसाच ठेवायचा. भूक मेलीय, असं ती शेजारणींना सांगायची. उरलेला भात नेहमी एकाच बाजूला असायचा. डाव्या.

तिनं काही न बोलता पेला उचलला आणि त्याच्या उजव्या हातात दिला.

"हां," तो म्हणाला आणि प्यायला लागला.

इन्साफनं स्वतःचा पेला डिकीच्या कडेला ठेवला. ती गाडीच्या डाव्या बाजूला गेली. सकाळपासून तिनं त्या बाजूला हातही लावला नव्हता. पेनड्राइव्हवर शहातानंच कधीतरी भरून ठेवलेला एक घुमता सूर होता. खालून हळूहळू वर चढत जायचा, आणि ज्या पट्टीवर गाडीतली एखादी सैल वस्तू थरथरू लागे, तिथेच ती वस्तू पकडता यायची. तिनं तो लावला आणि डोळे न मिटता तळवे पत्र्यावरून फिरवत नेले. मागच्या डाव्या दरवाज्यावर, कडीच्या जरा खाली, तळव्याला मुंग्या आल्या. तिनं जोरात दाबलं. खरखर थांबली. हात काढला. झर्रर्र.

हाजी फिक्री चहाचा पेला ओठांशी धरून बघत होते.

"उम्म हिबा," ते हळूच म्हणाले. हिबाची आई म्हणून ते तिला अशीच हाक मारत. "हा तर डावा."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी. हाजींनी चहाचा घोट घेतला.

दुकानातून मग्दीची मोजपट्टी करकरत सरकल्याचा आवाज येत होता. इन्साफनं सूर बंद केला. "हाजी," ती मोठ्यानं म्हणाली, "जरा गाडी फिरवून लावता? पुढून बॅटरीची तार बघायचीय. बोनेट दुकानाकडे करा."

हाजींनी गाडी बाहेर काढली, वळवली आणि नाक दुकानाकडे करून आणून लावली. आता मागचा डावा दरवाजा शहाताच्या उजव्या हाताला आला. इन्साफनं बोनेट उघडलं, तारेला उगीच हात लावला, बोनेट बंद केलं.

"गाणं लावते, उस्ता. आता नीट ऐक."

ठोका पडला. झर्रर्र. शहाताचा उजवा हात वर गेला. "तो. तोच दरवाजा. किती वेळा सांगू?"

"चुकलं माझं," ती म्हणाली.

तिनं अस्तर सोडवलं. आत कडीपासून कुलपाकडे जाणारी सळई आपल्या पकडीतून निसटून पत्र्याला टेकली होती. तिनं सळईला बनातीची पट्टी गुंडाळली, नवी पकड बसवली, अस्तर तळव्यानं ठोकून जागेवर घातलं. मग हाजींना काचा वर करायला सांगितल्या आणि स्वतः बाहेर राहिली.

बंद काचांमागे गाणं ऐकू येईना, फक्त ठोके जमिनीतून पायांना कळत होते. हाजी फिक्री डोळे मिटून बसले होते. ठोका पडला, दुसरा पडला. त्यांनी मान टेकली. बराच वेळ ते उतरलेच नाहीत.

उतरले तेव्हा सरळ शहाताकडे गेले आणि वाकून त्याचा खांदा धरला. "शहाता, अल्ला तुझे कान सलामत ठेवो. दोन दुकानं फिरलो. तुझ्या बोटाला जे कळतं ते कोणाला कळत नाही."

मग्दीही बाहेर आला होता. "बघा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच अभिमान होता. "दादा अजून दादाच आहे."

शहाता गाडीकडे बघत होता. पुढचा दिवा, आरसा, मागचा दरवाजा. मग त्याची नजर चाकावरून स्टिअरिंगवर गेली आणि तिथून पुन्हा त्या दरवाज्यावर आली. इन्साफ हत्यारं गोळा करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"स्टिअरिंग गाडीच्या डाव्या बाजूला असतं. त्याच बाजूचा दरवाजा आहे हा," शहाता म्हणाला.

हाजींनी इन्साफकडे पाहिलं.

"मी सकाळपासून उजवा सांगत होतो. हा डावा. गाडी फिरवलीत." जिभेवर शब्द जड झाले की तो थांबायचा, तसा थांबला. "हाजी, मी चुकीचं सांगत होतो. शोधलं हिनं."

"शहाता, काय फरक पडतो," हाजी म्हणाले. "गाडी नीट झाली ना."

"पडतो. उद्या तुम्ही बाजारात जाऊन माझ्या कानाचं कौतुक कराल. लोक गाड्या घेऊन येतील आणि मी त्यांना उजवीकडे दाखवीन." तो भावाकडे वळला. "मग्दी, माप घेतलंस?"

"घेतलं, दादा."

"ते राहू दे. दुकान चालू राहणार आहे. त्या कव्हरवाल्याला दुसरीकडे बघायला सांग."

मग्दीनं आधी दादाकडे पाहिलं. मग इन्साफकडे पाहिलं. तिच्या कोपरापर्यंत ग्रीस होतं, डोक्यावरचा रुमाल एका बाजूला सरकला होता आणि ती त्याच्याकडे सरळ बघत होती. त्यानं मोजपट्टी खिशात घातली. "सांगतो," तो म्हणाला. "पण फळ्या तरी नव्या बसवा, वहिनी. आत सगळं खाली लोळतंय."

"सुताराला घेऊन ये मग," ती म्हणाली.

हाजी फिक्री गाडीत बसले, पुन्हा उतरले आणि तिच्याजवळ आले. "उम्म हिबा, माझ्या पुतण्याची बर्फाची गाडी आहे. तिच्यातला रेडिओ माणसांशी भांडल्यासारखा बोलतो. उद्या पाठवू का?"

"सकाळी लवकर पाठवा, हाजी. आणि कुणी मधे आवाज वाढवून दिला असेल तर आधीच सांगायला सांगा."

ते हसले, तळहात छातीवर ठेवला आणि गेले. मग्दीही गेला. ऊन समोरच्या इमारतींच्या गॅलऱ्यांवर चढलं होतं. इन्साफनं स्टूल शहाताच्या उजव्या बाजूला आणून ठेवलं आणि त्यावर स्वतः बसली.

"मला सगळं एकाच बाजूनं ऐकू येतं," तो म्हणाला.

"वाटतं तसं."

"कधी कळलं तुला?"

"आज. चहा दिला तेव्हा."

त्यानं उजव्या हातानं शाल खांद्यावर ओढून घेतली. "मला न सांगता गाडी फिरवलीस."

"हो."

"पुन्हा नको करूस."

"नाही करणार. पण तूही डोळे मिटून ऐकायचं सोडून दे. ऐकलंस की आधी बघ. मान वळव. डावीकडे मुद्दाम वळव. मी शेजारी असेन, मी तळवा ठेवीन, तू सांग थांबलं की नाही ते. ते तर तुला अजून माझ्यापेक्षा चांगलं कळतं."



कालव्यातून एक मोठं जहाज जात होतं. त्याचा भोंगा वाजला, लांब, खोल, काचा थरथरवणारा. शहाताचा चेहरा उजवीकडे वळला. उजवीकडे गल्ली होती, वाळत घातलेले कपडे होते, पलीकडे सगळं शहर. कालवा दुकानाच्या डाव्या हाताला होता, त्यानं दुकान घेतलं तेव्हापासून.

भोंगा पुन्हा वाजला. यावेळी तो हलला नाही. मग, गंजलेला नट पिळावा तशी त्यानं हळूहळू मान डावीकडे फिरवायला सुरुवात केली. इन्साफनं मदतीला हात पुढे केला नाही. खांद्यावरून शाल घसरली, तरी तो फिरवतच राहिला. रस्त्याच्या टोकाशी, छपरांच्या मागून, जहाजाचा पांढरा माथा सरकत होता. तो दिसेनासा होईपर्यंत शहातानं मान तशीच धरून ठेवली.