पेर नेटवर्क

राजनंदिनीचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात माझ्या खोलीत वाचत बसलो होतो. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मला फारसे फोन येत नाहीत. आला की घाईत तो उजव्या कानाला लावतो, आणि त्या कानाने मला कमी ऐकू येतं हे आठवेपर्यंत अर्धं बोलणं निघून गेलेलं असतं.

ही मुलगी कॉलेजात असताना आमच्या वाचनालयात रोज यायची. पुढे सांगलीत इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, आणि एक दिवस ती नोकरी सोडून पानओढ्याला, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरच्या आपल्या गावी, परत आली. तिथल्या ओढ्यात वरच्या अंगाच्या साखर कारखान्याचं मळीमिश्रित पाणी यायचं. कारखान्याचं म्हणणं, येत नाही. मग राजनंदिनीने गावातल्या बायकांना रोज ओढ्यावर जाऊन पाण्याचा रंग आणि वास मोबाइलवर बोलून ठेवायला सांगितलं, आणि ते आवाज एका साध्या वेबसाइटवर कुणालाही ऐकता येतील असे ठेवले. मी इथे बसून ते ऐकायचो. ‘आज पानी काकवीच्या रंगाचं हाय. म्हशीनं तोंड लावलं न्हाई,’ हे त्यांतल्या चंद्राबाईंच्या आवाजातलं बोलणं मला पाठ झालं होतं.

फोनवर तिने सांगितलं की वेबसाइट बंद पाडली आहे. कुणाच्या तक्रारीवरून, कुणाच्या हुकमाने, ते कळत नव्हतं. पण कुठल्याच मोबाइलवर ती उघडत नव्हती. कारखान्याला विस्तार करायचा होता आणि त्यासाठीची जनसुनावणी तोंडावर आली होती. तिथे हे आवाज ऐकवता आले नाहीत तर विस्ताराला परवानगी मिळणार आणि गावच्या विहिरी हातच्या जाणार.

तिच्याकडे उपाय होता. आवाज एका ठिकाणी ठेवायचेच नाहीत. प्रत्येक बाईच्या मोबाइलवर, आणि हवं त्या कुणाच्याही, एक अॅप असेल, त्यात सगळे आवाज असतील, आणि हे मोबाइल आपापसात एकमेकांना ते देत राहतील. मध्ये कुणाचं दुकानच नाही, तर टाळं कशाला लावणार? शिवाय पहिल्या दिवसापासून ती प्रत्येक आवाजाची एक खूण काढून ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक नोंदवहीत, नोंदवत आली होती. आवाजात एक शब्द जरी बदलला तरी त्याची खूण बदलते, आणि ब्लॉकचेनवर एकदा गेलेली खूण कुणालाच पुसता येत नाही, तिलाही नाही. माझ्याकडे तिने एवढंच मागितलं की बायकांना कळेल असं एक पान लिहून द्यावं.

मी होकार दिला आणि लगेच पस्तावलो. मला स्वतःला कितपत कळलं होतं? तरी दोन दिवस खपून पान लिहून पाठवलं. ‘ऊस बुडापासून तोडला, तरी डोळा असलेलं त्याचं एक पेर कुठेतरी जमिनीत राहिलं, तर त्यातून पुन्हा ऊस उभा राहतो. तुमचा मोबाइल म्हणजे असं एक पेर. आणि उसाचं प्रत्येक पेर खालच्या पेराला जखडलेलं असतं. मधलंच एखादं काढून दुसरं बसवायचं म्हटलं तर ऊस मोडावा लागतो, आणि मोडलेला ऊस लपत नाही.’

तिचा लगेच फोन आला. या वेळी मी तो डाव्या कानाला लावला.

“काका, हे उसाचं कुठून काढलंत?”

“तूच म्हणालीस ना, पेर नेटवर्क.”

ती हसू लागली. “पिअर, काका. पिअर म्हणजे बरोबरीचे, एका दर्जाचे. त्यांचं जाळं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पान फाडून टाक, मी नवीन लिहितो, असं मी तिला परोपरीने सांगितलं. समकक्ष, समतल असे शब्दही सुचवले. तिने ऐकलं नाही. उलट बायकांना समजावायला मला गावात बोलावलं. आयुष्यभर मी चार माणसांसमोर बोलायचं टाळत आलो. पण तिला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. कराडला एसटी बदलून मी पानओढ्याला पोचलो.

समाजमंदिरात बायका जमल्या होत्या. मी खाली बघून पान वाचून दाखवलं. संपल्यावर चंद्राबाईंनी विचारलं, “आवं मास्तर, तुमी ऊस कवा लावला हुता?”

कधीच नाही, असं मी कबूल केलं.

“तरी बरं लिवलंय.”

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. रेश्मा म्हणून एक तरुण सून होती, तिने विचारलं, मोबाइल हरवला तर? राजनंदिनी म्हणाली, दुसरीकडे असेल. “आनि समद्यांचंच हरवलं तर?” चंद्राबाई म्हणाल्या, “मग तू हाईस की तोंडानं सांगाय. तू कुनाला आवरतीयास?” रेश्माही हसली. त्या दुपारी सगळ्यांच्या, माझ्याही, मोबाइलवर अॅप आलं. राजनंदिनी एकेकीजवळ बसून दाखवत होती, न चिडता, तेच तेच. तिने बांधलेलं ते न दिसणारं जाळं आणि ते बांधणारी ती, दोन्हींकडे बघून मला भरून आलं.

पुढचं मात्र माझ्या पानात नव्हतं.

हंगाम सुरू झाला होता. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे कारखाना ठरवतो, आणि तोड वेळेवर आली नाही तर ऊस रानात वाळतो. कारखान्याचा चिटबॉय, तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा माणूस, घरोघर फिरला. तो उघड कुणाला दमात घेत नव्हता. सुनावणीनंतर तोडीचं बघू, एवढंच म्हणत होता. तेवढं पुरलं. घरोघरी घरच्यांकडूनच बायकांच्या हातातून मोबाइल घेतले गेले आणि अॅप काढून टाकलं गेलं. रेश्माने रडत फोन करून राजनंदिनीला सांगितलं. बाकीच्यांनी तेही केलं नाही. मी साताऱ्यात रात्ररात्र जागा राहिलो. आपल्या उसाच्या उपमेने या बायकांना भलत्या भरीस घातलं, असं सारखं वाटत होतं.

सुनावणी कारखान्याच्या पटांगणात मांडव घालून होती. व्यासपीठावर सांगलीहून आलेले एक अधिकारी होते, शेजारी लॅपटॉप घेऊन त्यांचा लिपिक. पुढच्या रांगांत कारखान्याचे कामगार आणि संचालकांची माणसं बसली होती, मागे गाव. राजनंदिनीने मला हळूच सांगितलं की आता तिचा, चंद्राबाईंचा आणि माझा, असे तीनच मोबाइल उरले असावेत. चंद्राबाईंचा ऊस अजून उभा होता.

कारखान्याच्या तज्ज्ञाने छान भाषण केलं. वेबसाइट खोटी होती म्हणूनच बंद झाली, आणि आवाज नंतर बनवून घेतलेत, असं तो म्हणाला. मग राजनंदिनी उठली. आवाज ऐकवते म्हणाली. अधिकाऱ्यांनी तिला शांतपणे विचारलं, “तुमच्याच मोबाइलमधलं मी पुरावा म्हणून कसं ऐकू?”

प्रश्न चुकीचा नव्हता. मला वाटलं, संपलं.

ती म्हणाली, “माझ्या मोबाइलमधलं नकोच, साहेब. तुमच्या लॅपटॉपवर अॅप घ्या. आमचे मोबाइल आम्ही बंद करतो.” तिने आपला मोबाइल बंद करून त्यांच्या टेबलावर ठेवला. मग वळून म्हणाली, “काका, तुमचाही. चंद्राआजी, तुमीबी.”

मी जागचा हललो नाही. तीनच उरलेत, असं तीच तर म्हणाली होती ना? की मलाच नीट ऐकू आलं नाही? चंद्राबाईंनी आपला मोबाइल बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. मग मीही बंद केला.

लिपिकाने लॅपटॉपवर अॅप घेतलं. मोठ्या पडद्यावर एक पांढरी चौकट आली आणि तशीच राहिली. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. राजनंदिनी पडद्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती.

मग मांडवातल्या कर्ण्यातून आवाज आला. ‘आज पानी काकवीच्या रंगाचं हाय. म्हशीनं तोंड लावलं न्हाई.’

पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. सगळे येत होते, अडखळत नव्हते. ज्यांनी अॅप काढून टाकलं होतं त्या बायका मागे तोंडाला पदर लावून स्वतःचेच आवाज ऐकत होत्या. राजनंदिनीने लिपिकाला खूण कशी पडताळायची ते सांगितलं. त्याने ती ब्लॉकचेनवरच्या नोंदीशी लावून बघितली आणि वाचून दाखवली: तारीख मागच्या हंगामाची, आवाजात बदल नाही. अधिकाऱ्यांनी आणखी दोन स्वतः निवडून तपासायला लावले. तेही जुळले. त्यांनी हे आवाज इतिवृत्तात घ्यायला सांगितलं. तज्ज्ञ कागद चाळत राहिला.

“पण हे येतंय कुठून?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

लिपिक पडद्यात डोकावला. “साहेब, बरेच मोबाइल दिसतायत. काही तर अगदी जवळ आहेत, या मांडवातच. नावं दिसतात का बघतो.”

माझी नजर आपोआप पुढच्या रांगांकडे गेली. कारखान्याच्या खाकी कपड्यांतली माणसं, हात मांडीवर, माना खाली. त्यांच्या घरीही विहिरी होत्या, हे मला तोवर सुचलं नव्हतं. त्यांतला नेमका कोण, किती जण, ते मला ओळखता आलं नाही आणि अजून कळलेलं नाही.

लिपिकाचं बोट बटणावर जायच्या आत राजनंदिनी दोन पायऱ्या चढून गेली आणि तिने सरकारी लॅपटॉप मिटला.

अधिकारी तिच्याकडे बघत राहिले. “हे काय?”

“आवाज तुमाला मिळालं, साहेब,” ती म्हणाली. साहेबांशी इतका वेळ नीट शहरी बोलणारी ती पोर आता गावचं बोलत होती. “मानसं मागू नका. त्यांच्या उसाला अजून तोड यायची हाय.”

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला, पण उघडला नाही. त्यावर हात ठेवून त्यांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.