मोठा बी, छोटा बी

शहाण्णव साली ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत नंदा भोईर हिशेबाला पक्की आणि तोंडाने गोड म्हणून प्रसिद्ध होती. बाळकुमच्या कोळीवाड्यातली पोरगी, घरात कॉम्प्युटर शिकलेली पहिलीच. तिच्या गोड बोलण्यामागे काय शिजतंय हे ऑफिसात फक्त धाकूमामांना कळायचं.

धाकूमामा रोज डोंबिवलीच्या कारखान्यातून पंपांच्या ड्रॉइंगची कॉम्प्युटर टेप स्कूटरवरून नौपाड्याला आणत. मालक देवरामशेठनी ठरवलं, ही दगदग पुरे. दोन्ही ठिकाणं थेट जोडणारी टेलिफोनची खास लाइन घ्यायची. तिच्या आखणीचं काम नंदाकडे आलं.

तिने रिपोर्ट लिहिला. लाइन सेकंदाला चौसष्ट किलोबिट नेणार, पण फाइल मोजतात बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा होतो एक बाइट. म्हणजे सेकंदाला आठच किलोबाइट. ड्रॉइंगची रोजची फाइल चोवीस मेगाबाइटची, एक मेगाबाइट म्हणजे हजार चोवीस किलोबाइट, तेव्हा वेळ लागणार एक्कावन्न मिनिटं. बिटसाठी इंग्रजी छोटा बी आणि बाइटसाठी मोठा, असं तिने काळजीपूर्वक टाइप केलं होतं.

मॅनेजर गोपीनाथरावांनी लाल पेन काढलं आणि सगळे मोठे बी खोडून छोटे केले.

"टायपिंगकडे लक्ष देत जा गं. कुठे मोठा, कुठे छोटा! आणि हे आठ कुठून आणलंस? सरळ चौसष्टने भागायचं. साडेसहा मिनिटांत फाइल हजर!"

"साहेब, मोठा बी म्हणजे बाइट आणि छोटा म्हणजे..."

"मी पंचवीस वर्षं या लाइनीत आहे, नंदा."

नंदाने रिपोर्ट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. मग अगदी साळसूदपणे म्हणाली, "बरोबर आहे साहेब. तेवढं 'दोन्ही बी एकच' असं खाली लिहून सही करता का? पुन्हा माझी चूक नको व्हायला."

गोपीनाथरावांनी खुशीत सही ठोकली. तो कागद नंदाने ड्रॉवरमध्ये ठेवला आणि साडेसहा मिनिटांची बातमी शेठजींपर्यंत पोचली.

दोन महिन्यांनी लाइन आली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नंदा साहेबांच्या टेबलाशी गेली. "साहेब, नुसता नारळ फोडून काय मजा? शर्यत लावूया ना. एकाच वेळी इकडे लाइन सुरू, तिकडे धाकूमामा स्कूटरवर टेप घेऊन. लाइन किती पुढे आहे ते शेठजींना दिसेल तरी!"

"वा! याला म्हणतात डोकं," गोपीनाथराव म्हणाले.

संध्याकाळी तिने धाकूमामांना गाठलं. "मामा, उद्या घाई करायची नाय. वाटेत शीळफाट्याला आरामात चाय घ्या."

"आन् हरलो म्हंजे?"

"नाय हरत. मी मोजलंय."

सकाळी अकराला डोंबिवलीहून फोन आला, मामा निघाले. इकडे पडद्यावर आकडा सरकू लागला. शेठजी खुर्चीत, गोपीनाथराव हातात घड्याळ घेऊन उभे. साडेसहा मिनिटं झाली, आकडा बारा टक्क्यांवर.

"गरम व्हायला वेळ लागतो," गोपीनाथराव म्हणाले.

"लाइन काय स्टोव्ह आहे?" शेठजींनी विचारलं.

वीस मिनिटांनी गोपीनाथरावांनी मोडेमची वायर हलवून पाहिली. तिसाव्या मिनिटाला शेठजींनी पेपर उघडला. नंदाने ओढणीचं टोक दातांत धरलं. नाहीतर हसू बाहेर पडलंच असतं. त्रेचाळिसाव्या मिनिटाला धाकूमामा टेप घेऊन दारात उभे राहिले, मिशीला चहाची साय. पडद्यावरचा आकडा त्र्याऐंशीच्या पुढे नुकता सरकला होता. मामांची टेप चढवून ड्रॉइंग उघडलीसुद्धा, तरी लाइन वाटेतच.

शेठजींनी पेपर मिटला. "साडेसहा मिनिटांचा हिशेब कुणाचा?"

नंदाचा हात ड्रॉवरवर गेला. याच घटकेसाठी तिने दोन महिने कळ काढली होती. पण गोपीनाथरावांच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या आणि हातातलं घड्याळ अजून तसंच समोर धरलेलं होतं. तिने ड्रॉवर उघडला नाही.

"बिट आणि बाइटमध्ये गल्लत झाली, शेठजी," ती एवढंच म्हणाली.

गोपीनाथरावांनी घड्याळ खाली केलं. मग घसा साफ करून म्हणाले, "माझी झाली. हिने बरोबर लिहिलं होतं. मीच खोडलं."

शेठजी मोठ्यांदा हसले. "म्हणजे आता आठपट मोठी लाइन घ्यायची?"

"नको," नंदा म्हणाली. "रोज सगळी ड्रॉइंग बदलतात कुठे? बदललेली तेवढीच पाठवू. फार तर अडीच मेगाबाइट होतात. याच लाइनवर सहा मिनिटांत येतील."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही, शेठजी."

धाकूमामांना शेठजींनी पेढे दिले आणि त्यांची बदली स्टोअरला, सावलीत केली. गोपीनाथराव चार दिवस नंदाशी जेवढ्यास तेवढं बोलले. पाचव्या दिवशी ते खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "नंदा, ते पुस्तकात 'बॉड' म्हणून काहीतरी लिहिलंय. ते आणखी निराळं असतं का गं?"

"असतं ना, साहेब. बसा," नंदा म्हणाली आणि कोरा कागद पुढे ओढला.