दहावी मूठ

"मूठ भरतांना बोलानं नही. ज्याना नावनी मूठ, त्यानं नाव मनमा लेवानं. व्हटवर आनू नको."

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात सासूबाईंनी, भागाबाईंनी, मला हे सांगितलं. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, आमच्या घरी गहू मुठीनं मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एकेक मूठ. बायकांची नाही. लेकीची तर नाहीच, कारण ती परक्या कुळात जाणार आणि रोट कुळाबाहेर जात नाही. पुढं सासूबाईंचे हात थरथरायला लागले आणि गव्हाची टोपली माझ्याकडे आली. शिंदखेड्याच्या आमच्या एकत्र घरात मोठे दीर भाईदास, ज्यांना सगळे आबा म्हणतात, माझे यजमान अमृत, पुतणे, त्यांची मुलं असे आता नऊ पुरुष. सगळ्यांची नावं मी मनात घेत आले.

माझी मेघा जळगावला वसतिगृहात राहून फिल्म बनवायचं शिकते. उन्हाळ्यात घरी आली तेव्हा दुपारी भांडी आवरली की मला शेजारी बसवून एक कोरियन मालिका दाखवायची, हिंदीत बोलणारी. मला माणसं एकसारखी दिसायची, पण एक गोष्ट फार आवडली. भाग संपतो, नावं वर सरकायला लागतात, आपण उठणार तेवढ्यात मघाचाच प्रसंग पुन्हा येतो, दुसऱ्या बाजूनं. पोरगी रागानं छत्री टाकून गेली असं वाटलेलं असतं. आता दिसतं, कोपऱ्यावर भिजत बसलेल्या म्हाताऱ्यासाठी तिनं ती ठेवली होती.

"यात नवीन काही घेत नाहीत, आई," मेघा म्हणाली. "मघाशी जे कापलं होतं, तेच फक्त शेवटी जोडतात."

श्रावणात तिनं आमची कानबाई चित्रित केली. एक मोबाईल टोपलीसमोर, दुसरा मागच्या खिडकीच्या गजाला बांधलेला. आठवड्यानं जळगावहून तिचा फोन आला.

"आई, आपल्या घरात पुरुष किती?"

"नऊ."

"मुठी दहा आहेत. मी तीनदा मोजल्या. दहावीला तू डोळे मिटलेस."

मी म्हटलं, "जेवलीस का?"

"आई! किती वर्षं?"

"तुझं वय किती?"

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. एकोणीस, ती म्हणाली.

दिवाळीत तिनं फिल्म घरच्या टीव्हीवर लावली. कोरियन मालिका बघून ही सुचली, एवढंच आधी सांगितलं. दुपारच्या चहाला सगळे जमले होते. फार सुंदर केली होती पोरीनं. टोपलीत मूठ उघडते आणि त्याच चालीनं आबांचा हात वाफ्यात खत टाकतो. मूठ उघडते आणि यजमानांचा हात गाईपुढं सरकीची ढेप टाकतो. अशा नऊ मुठी, नऊ हात. नावं वर सरकायला लागली. आबा खूश होऊन उठले, रिकामा कप हातात घेऊन दारापर्यंत गेले.

आणि तोच प्रसंग पुन्हा आला. मागून. माझी पाठ, पदर, टोपली. नववी मूठ पडते. मी थांबते, आजूबाजूला बघते, मान झुकवते. दहावी मूठ उघडते आणि पडद्यावर मेघाचा हात येतो, चित्रीकरण बंद करायला पुढं झालेला. अंधार.

आबा दारातच वळले.

"हाई काय शे, मेघानी माय? दहावी मूठ कोना नावनी?"

"मेघाच्या."

"पोरीना नावनी? बठ्ठा रोट बाटना!"

"बाटला असेल तर एकोणीस वर्षं तो सगळ्यांनीच खाल्लाय, आबा," मी म्हटलं. "त्याच रोटावर तुमचा नातू झाला, ट्रॅक्टर आला, तुमचा गुडघा बरा झाला."

"गुडघा कुठला बरा हो," कोकिळाबाई, माझ्या जाऊबाई, पदर तोंडाशी धरून म्हणाल्या. "अजून रोज तेल चोळायला लावतात."

"तू गप बस! आन् ते कोरियावाले आता आम्हाला कानबाई शिकवनार का?"

"नाही आबा," मेघा म्हणाली. "त्यांनी कापायचं कुठं ते शिकवलं. कानबाई आईनं शिकवली."

"मग काप. नावं येतात तिथंच संपव. हे कॉलेजात दाखवलं, तर जळगाव बंद. अमृत, सांग तुझ्या पोरीला."

यजमान चहाकडे बघत राहिले.

जळगावला फिल्म दाखवायच्या चार दिवस आधी मेघाचा फोन आला. "आई, मी काढते तो तुकडा. दीड मिनिटाचा तर आहे. मला शिक्षण सोडायचं नाहीये."

माझा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशीही चढला नाही. "काढायचा नाही. आबांसोबत मला राहायचंय, मी बघेन. तू तुझं काम कर."

"फिल्म झाली की लोक प्रश्न विचारतात. दहावी कोणाची, असं विचारलं तर मला रडू येईल."

"तू नको सांगूस. मी येते. मी सांगेन, मोठ्यानं, नाव घेऊन."

"एकटी? जळगावला?"

"पहिल्या रांगेत जागा धर."

आदल्या संध्याकाळी देवापाशी दिवा लावून मी आबांना सांगितलं, उद्या जळगावला जाते. "काही गरज नही," ते म्हणाले. मी वात सारखी केली.

पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय मी सकाळी तोंडातून शब्द काढत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सकाळी अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, देवपूजा केली. पोथी मात्र उघडली नाही. फडक्यात बांधून पिशवीत ठेवली.

ओट्यावर आबा पेपर घेऊन बसले होते. "कोठे चालनी?"

मी पिशवी उघडून पोथी दाखवली.

"म्हंजे गाडीत वाचनार?"

मी मान हलवली.

"म्हंजे आता बोलनार नही?" त्यांनी पेपर खाली ठेवला. "अमृत! हाई पाय रे, तुनी बायको!"

यजमान गोठ्यातून हात पुसत आले. माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मग भिंतीला टेकवलेली मोटारसायकल त्यांनी अंगणात काढली.

"मला तसंही स्टेशनकडे काम आहे," ते आबांना म्हणाले. आबांकडे बघून नाही, हँडलकडे बघून.

दोन किक वाया गेल्या. तिसरीला गाडी सुरू झाली. कोकिळाबाईंनी आतून येऊन भाकरीचं फडकं माझ्या पिशवीत सरकवलं. मी पदर खोचला, आबांना वाकून नमस्कार केला आणि ओठ मिटून मागच्या सीटवर बसले.