खांबावरचं निशाण

“बाई, जरा मागं सरा! वरून काय पडलं तर डोक्यात बसंल!”

राखणदार पुंजा ओरडला, तशी मोहिनी गायधनी मागे सरली आणि तिने वर पाहिलं. वारा मोजायच्या लोखंडी खांबावर एक कामगार चढला होता. टोकाला वाऱ्याने गरगरणाऱ्या, त्याचा वेग मोजणाऱ्या छोट्या वाट्या होत्या आणि त्यांच्या अगदी शेजारी, काठीला बांधलेलं लाल निशाण. एक झोत आला. निशाण फडफडत वाट्यांभोवती गुंडाळलं गेलं आणि वाट्या थांबल्या. झोत फिरला, कापड सुटलं, वाट्या पुन्हा फिरू लागल्या.

वाऱ्याचं हे थांबणं तिने आधी पाहिलं होतं, नाशिकला, ऑफिसातल्या संगणकावर.

ती एका सल्लागार कंपनीत इंजिनिअर होती. दोन हजार चारचा सुमार, लोडशेडिंग रोजचंच. विजेची मागणी पुरवठ्याच्या वर गेली की अख्ख्या जाळ्याची, म्हणजे ग्रिडची, फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झच्या खाली घसरते आणि कुणाच्या तरी घरातले दिवे घालवावे लागतात. मोहिनीचं म्हणणं असं, की घसरण सुरू होताच पवनचक्क्यांनी आपल्या फिरत्या पात्यांमधला जोर काही क्षण जाळ्याला द्यावा. तेवढ्यात बाकीची वीजकेंद्रं सावरतात. त्याचं मॉडेल तिने संगणकावर तयार केलं होतं. ऑफिसात तिला ‘पंखेवाली’ म्हणत. काळेसाहेब तर तोंडावर विचारत, “गायधनी, वारा काय तुमच्या वेळापत्रकाने वाहतो?” ती हसायची आणि पुन्हा कामाला बसायची. लग्न राहून गेलं, गुडघे गेले, मॉडेल तेवढं उरलं.

पेठच्या पुढच्या या डोंगरावर पवनचक्क्या बसवायच्या की नाही, हे त्याच मॉडेलवर ठरणार होतं. मोहिनीने या खांबाच्या नोंदी त्यात घातल्या. वारा मध्येच असा गळपटायचा, की फ्रिक्वेन्सी सावरायची सोडून आणखी बुडायची. तिने पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी ‘जागा योग्य नाही’ असं स्वतःच लिहून दिलं, कारण खोटं लिहायचा तिचा स्वभाव नव्हता. काम गुंडाळलं गेलं. पंखेवालीचं मॉडेलही कपाटात गेलं.

कंपनीचा माणूस दर महिन्याला यायचा आणि खांबाच्या बुडाशी असलेल्या पेटीतून नोंदी घेऊन जायचा. त्याला निशाण दिसलं नसेल असं नाही. पण आपल्याकडे उंचावर निशाण दिसलं तर माणूस हात जोडतो, चौकशी थोडीच करतो! आणि मोहिनी गुडघ्यांचं निमित्त करून कधी इथवर आलीच नव्हती. आज खांब उतरवताना कुणीतरी हवं, म्हणून आली.

“पुंजाभाऊ, ते निशाण कुणी बांधलं?”

पुंजाचा चेहरा उजळला. “मीच! म्हंजे चढला माझा पोरगा, सोमा. डोंगरदेवाचं हाय. तुमचा माणूस म्हनला, वारा चांगला निघाला तर इथं पंखे येत्याल. म्हनलं, वारा देवाचा. त्याला इचारल्याबिगर मोजायचा कसा? फाटलं की नवं बांधायचो, बाई. कधी खंड नाय पडू दिला.”

त्याची बायको मालनबाई कोरा चहा घेऊन आली. “पंखे आले की सोमाला इथंच राखणीचं काम लागंल,” ती म्हणाली. “दिंडोरीला द्राक्षांवर औषध मारून मारून छातीत लय खरखर हाय त्याच्या. आता खांब काढताय, म्हंजे पंखे कधी बसायचे?”

यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

मोहिनीला क्षणभर वाटलं, साहेबांना फोन करावा, सगळं नव्याने मोजू म्हणावं. पण कंपनीने दुसऱ्या जिल्ह्यातला डोंगर घेतलासुद्धा. हा खांबही तिकडेच चालला होता.

“पंखे नाही यायचे, मालनबाई,” ती म्हणाली. “वारा कमी पडला.”

पुंजाने तिच्याकडे पाहिलं. वाऱ्यापुढे तिचा पदर आवरत नव्हता, बशीतला चहा हिंदकळत होता.

“इथं? वारा कमी?”

“मशीनमध्ये तसं आलं.”

खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते ऐकून हा माणूस जन्मभर स्वतःला खात राहील, या विचाराने तिने ते गिळलं. तिला रडू येत होतं, आणि ते पुंजासाठी की स्वतःसाठी हे तिलाही सांगता आलं नसतं.

कामगाराने निशाण सोडून खाली टाकलं. पुंजाने धावत जाऊन ते झेललं, मातीला लागू दिलं नाही. त्याने नीट घडी घातली, कपाळाला लावली. मग मालनबाईकडे न बघताच तो बोलला.

“चुकलं माझं.”

मोहिनी दचकली.

“तू म्हनत व्हतीस, दोन बांधा. मी एकच बांधलं.”