पेरेनिसेच्या डब्यातली माणसं

"या लोकांना वाटतं, पुस्तकं आपली आपणच उठून कपाटात जाऊन बसतात," पेरेनिसे पुटपुटली. तिच्या टेबलाखाली पडलेलं खोडरबर मी शोधत होते म्हणून ऐकू आलं. एरवी असली कुरकुर ती फक्त पंख्याला ऐकवते.

आपिया या आमच्या बेटाच्या राजधानीतल्या वाचनालयात कॅटलॉगच्या खोलीत एके काळी आम्ही तिघी होतो. एक ऑकलंडला मुलीकडे गेली. मला सहा वर्षांपूर्वी 'तात्पुरतं' पुढे काउंटरवर बसवलं. उरली पेरेनिसे. निवृत्ती दोनदा पुढे ढकलून झाली होती. आज मात्र खरंच शेवटचा दिवस.

तिच्याजवळ बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो. आत कार्डं, माणशी एक. आमच्याकडे घराण्याची पदवी मिळाली की माणसाचं नाव बदलतं, आणि तो गेला की तीच पदवी पुतण्याकडे जाते. पुस्तकावर 'लेआलाई' ही पदवी असली, तर तो नेमका कोणता लेआलाई, हे पुस्तक सांगत नाही. पेरेनिसे सांगते. पदवीच्या समारंभांना, अंत्यविधींना जाऊन ती मागच्या चटईवर बसते आणि सोमवारी कार्डावर लिहिते.

दुपारी हल्लीचा लेआलाईच काउंटरवर आला. त्याचं टायरचं दुकान आहे.

"अगं, तुमच्या कॉम्प्युटरात माझ्या नावावर अठरा प्रवचनं आहेत म्हणे? बायको हसून हसून बेजार झालीय. मी तर चर्चमध्ये घोरतो!"

परदेशातून विकत आणलेल्या तयार कॅटलॉग-नोंदींनी काका-पुतण्याचा एकच माणूस करून टाकला होता.

पेरेनिसे बाहेर आली. "प्रवचनं तुझ्या काकांची. तुला पदवी मिळाली त्या दिवशी तू भाषण अर्ध्यात विसरलास. आहे माझ्याकडे."

"तेही लिहून ठेवलंस?"

"पेन्सिलीनं लिहिलंय. घाबरू नकोस."

तो हसत गेला. ती नोंद दुरुस्त करून पेरेनिसे म्हणाली, "सौनोआला पहिलं हेच शिकवायचं."

सौनोआ ही शेजारच्या सवाई बेटावरची मुलगी. आठ महिन्यांपूर्वी मुलाखतीला आली होती. पदवीवाल्या लेखकाचं नाव कसं लिहिशील, असं विचारल्यावर म्हणाली, "आधी विचारीन, पदवी दिली तेव्हा हजर कोण होतं?" पेरेनिसे त्या दिवशी चहात साखर घालायची विसरली. तेव्हापासून टेबलाचा अर्धा भाग रिकामा आहे. तिथं टोक केलेल्या चार पेन्सिली आणि कोरी कार्डं. दर सोमवारी पेरेनिसे विचारते, "नेमणुकीचं पत्र गेलं का तिला?" आणि आम्ही सगळे म्हणतो, "वरची सही राहिलीय."

मागच्या महिन्यात मी सौनोआला हॉटेलात पाहिलं. कानामागे फूल, पाहुण्यांच्या हातात किल्ल्या देत होती. मी खांबाआड झाले.

तीन वाजता आमचे मुख्य ग्रंथपाल ताविता फुलांचा हार आणि ताटभर पानिकेके, म्हणजे आमचे तळलेले गोड गोळे, घेऊन आले. हार गळ्यात पडायच्या आत पेरेनिसेनं विचारलं, "सही झाली?"

ताविता हाराची गाठ बघत राहिले. "होईल गं. खा आधी. गरम आहेत."

"मग मी सोमवारी येतेच," पेरेनिसे म्हणाली. "पगार नको. ती मुलगी येईपर्यंत बसते. डबा असा वाऱ्यावर कसा सोडू?"

ताविता माझ्याकडे बघत होते, मी ताटाकडे. पेरेनिसेनं हार सावरला, कोरी कार्डं पुन्हा एकदा नीट रचली आणि सौनोआसाठी ठेवलेली खुर्ची स्वतःच्या रुमालानं पुसायला घेतली. आधी पाठ, मग हात, मग बैठक. पाय पुसायला ती वाकली तेव्हा हारातली दोन फुलं गळून खाली पडली.

मी तिच्या हातातला रुमाल धरला.

"नको पुसूस. ती येणार नाही, पेरेनिसे. कुणीच येणार नाही. ही जागाच वरच्यांनी जानेवारीत काढून टाकलीय."